प्रकल्प नोंदी: अभ्यासिकेतल्या जुन्या लॅपटॉपना वायफाय (अमळनेर तालुका)

८ फेब्रुवारी: पाहणी

गावच्या अभ्यासिकेला पाच जुने लॅपटॉप मिळाले आहेत. पोलीस भरतीचे आणि एमपीएससीचे फॉर्म भरणं, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेणं आणि टायपिंगचा सराव, एवढं काम त्यांच्यावर व्हायला हवं. पाचही चालू होतात, पण वायफाय एकावरही चालत नाही.

इंटरनेट शेजारच्या ग्रामपंचायत कार्यालयात आहे. मधे जुन्या बांधणीची, हातभर जाडीची मातीची भिंत, आणि अभ्यासिकेवर पत्रा. मोबाइलवर सिग्नल मोजला. कार्यालयात राउटरपासून चार पावलांवर उणे ४५ डीबीएम, अभ्यासिकेत उणे ७८ ते ८२. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला.) या पातळीला नवा फोनही रखडत चालतो, जुन्या लॅपटॉपचं तर विचारूच नका. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो; त्यातल्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचं नाव भिंतीपलीकडे दिसतसुद्धा नाही.

म्हणून लॅपटॉपच्या वायफाय कार्डांच्या आधी एक कॅट-६ (नेटवर्कची) वायर भिंतीवरून आणून अभ्यासिकेत स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं नेट वायफायने देणारा डबा, बसवायचा, असं ठरलं. लॅपटॉपमध्ये कितीही चांगलं कार्ड घातलं तरी उणे ८० चा सिग्नल उणे ६० होत नाही.

यंत्रं अशी आहेत. डेल लॅटिट्यूड डी६३० दोन: एकात ब्रॉडकॉमचं कार्ड आहे, दुसऱ्याचा स्लॉट (कार्ड बसवायची जागा) रिकामा. लेनोवो थिंकपॅड एक्स२०० एक: कार्ड आहे, पण यंत्राला ते दिसत नाही. एचपीचा पेंटियम एमवाला एक: मिनी पीसीआय स्लॉट रिकामा. आणि थिंकपॅड टी२३, पेंटियम थ्रीच्या काळातला, यूएसबी १.१ वाला.

१० फेब्रुवारी: खरेदीआधी काय बघायचं

जुन्या लॅपटॉपचं वायफाय बहुतेक वेळा कार्ड विकत घेतानाच फसतं. आधी कार्ड आणलं आणि मग झाकण उघडलं, की स्लॉट वेगळा निघतो, नाहीतर अँटेनाच नसतो. म्हणून खरेदीआधी प्रत्येक यंत्र उघडून चार गोष्टी लिहून काढल्या.

पहिली, स्लॉट कोणता. साधारण २००५ पर्यंतच्या यंत्रांत मिनी पीसीआय असतो: रुंद कार्ड, १२४ संपर्क, दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पत्र्याच्या कड्या. त्यानंतर मिनी पीसीआय एक्स्प्रेस आला. त्यात ५२ संपर्क आणि दोन मापं: पूर्ण लांबीचं ३० बाय ५०.९५ मिलिमीटर आणि अर्ध्या लांबीचं ३० बाय २६.८ मिलिमीटर. अलीकडच्या यंत्रांत एम.२ असतो. नावं सारखी वाटली तरी मिनी पीसीआयचं कार्ड मिनी पीसीआय एक्स्प्रेसमध्ये बसत नाही.

दुसरी, अँटेनाच्या वायरी. स्क्रीनच्या चौकटीतून बिजागरीमार्गे दोन किंवा तीन बारीक वायरी स्लॉटपाशी येतात आणि टोकाला सोनेरी बटणासारखा कनेक्टर असतो. वायफायशिवाय विकलेल्या कित्येक मॉडेलांत स्लॉट असतो, पण या वायरी घातलेल्याच नसतात. रिकाम्या स्लॉटच्या दोन्ही यंत्रांत वायरी पारदर्शक टोप्या घालून चिकटपट्टीखाली दाबलेल्या सापडल्या. वायरी नसत्या तर आतलं कार्ड घेण्यात अर्थ नव्हता.

तिसरी, बायोसची (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रामची) यादी. थिंकपॅड आणि एचपीच्या त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी भरलेली असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की यंत्र सुरू होतानाच थांबतं. थिंकपॅड १८०२ हा क्रमांक दाखवून ‘अनधिकृत नेटवर्क कार्ड, बंद करून काढा’ असं सांगतो, एचपी १०४ दाखवतो. डेलच्या या मॉडेलांत अशी अडवणूक नाही.

चौथी, राउटरची सुरक्षा. २००६ च्या मार्चपासून वायफायचं प्रमाणपत्र मिळवायला डब्ल्यूपीए२ ही सुरक्षेची पद्धत अनिवार्य झाली. त्याआधीची काही कार्डं फक्त डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या, कच्च्या पद्धतींवर थांबतात. अशा कार्डासाठी राउटरची सुरक्षा खाली आणायची नाही. डब्ल्यूईपी मिनिटांत फुटतं, आणि याच नेटवर्कवर मुलं आधार आणि बँकेचे तपशील भरणार आहेत.

१५ फेब्रुवारी: सामान

बरंचसं जळगावच्या गोलाणी मार्केटमधून, काही ऑनलाइन. अथेरॉस एआर९२८५ ची अर्ध्या लांबीची दोन कार्डं, डेलसाठी. अर्ध्या कार्डाला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या, सोबत एम२ चे छोटे स्क्रू. एक्स२०० साठी इंटेल ५३००, पण लेनोवोचा एफआरयू (सुट्या भागाचा) क्रमांक छापलेलंच. एचपीसाठी मिनी पीसीआयचं इंटेल २२००बीजी, त्यावर एचपीचा सुटा भाग क्रमांक आहे याची खात्री करून. अडीनडीला राखीव म्हणून आरटी५३७० चिपचा यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफाय). एक मीटर यूएसबी एक्स्टेन्शन, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी), सीआर२०३२ चे सेल, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल. टी२३ साठी खिशात मावणारा, क्लायंट मोड असलेला छोटा राउटर.

एआर९२८५ का, तर यंत्रांवर लिनक्स ही ओएस घालायची आहे, तिचा एथ९के ड्रायव्हर कर्नलमध्येच (ओएसच्या गाभ्यातच) असतो आणि त्याला वेगळी फर्मवेअर फाइल (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) लागत नाही. कार्ड घातलं, यंत्र चालू केलं की दिसलं. वेग फार नाही, एकच अँटेना वापरतं आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झ. इथल्या कामाला तेवढं पुष्कळ.

यूएसबी डोंगल घेताना नाव बघू नये, चिप बघावी. एकाच नावाच्या डोंगलमध्ये आवृत्ती बदलली की चिप बदलते. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन हे ठळक उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉस एआर९२७१, दुसऱ्या-तिसऱ्यात रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस. लिनक्सवर दोघांची वागणूक पार वेगळी. आवृत्ती खोक्याच्या मागच्या लेबलवर छापलेली असते, ती वाचूनच पैसे द्यावेत.

२२ फेब्रुवारी: पहिला डेल, रिकाम्या स्लॉटचा

क्रम: चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मग कीबोर्डच्या वरची बिजागरीची पट्टी उजव्या टोकाच्या खाचेतून प्लास्टिकच्या पातीने उचलायची. कीबोर्डचे वरचे दोन स्क्रू काढून तो मागच्या कडेने उचलायचा आणि पाम रेस्टवर पालथा घालायचा. वायफायचा स्लॉट त्याखाली. कीबोर्डची रिबन काढायची गरज नाही, फक्त ताणू नये.

फेब्रुवारी संपता संपता खान्देशात हवा कोरडी पडायला लागते आणि स्थिर वीज वाढते. सिंथेटिक कपडे, प्लास्टिकची खुर्ची आणि उघडा मदरबोर्ड हे एकत्र नको. अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून मगच कार्ड पिशवीतून काढावं आणि कडांनीच धरावं.

कार्डाला आधी पट्टी जोडली, मग साधारण तीस अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवलं, खाली दाबलं, स्क्रू घातले. सोनेरी संपर्क बरेच किंवा तिरपे बाहेर दिसत असतील तर कार्ड पूर्ण आत गेलेलं नाही.

अँटेनाचा कनेक्टर हा या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग. हिरोसेच्या यू.एफएल कनेक्टरचं आयुष्य सुमारे ३० वेळा लावणं-काढणं, एवढंच धरलेलं आहे. टोपी बटणावर अगदी मधोमध ठेवायची, बोटाने हलकं फिरवून ती बसल्याची खात्री करायची, मग सरळ खाली दाबायचं. बारीक ‘टिक’ जाणवते. तिरपं दाबलं की मधली पिन वाकते किंवा बाहेरची कडी फाकते. मग कार्ड चालतं, पण खोलीतल्या खोलीत सिग्नल उणे ७५ दाखवतं आणि सगळे दोष राउटरला देत बसतात. काढताना वायर धरून ओढायची नाही. टोपीच्या कडेखाली पाती घालून सरळ वर उचलायचं. एम.२ कार्डांवरचे कनेक्टर याहून लहान असतात, त्यांवर ही टोपी जबरदस्तीने बसवू नये.

रंग: डेलमध्ये पांढरी वायर मुख्य, काळी दुय्यम. कार्डावरही पांढरा आणि काळा त्रिकोण छापलेला असतो. एआर९२८५ वर कनेक्टर दोन असले तरी पाठवायला-घ्यायला एका वेळी एकच वापरला जातो, म्हणून मुख्य वायर चुकीच्या जागी गेली तर फरक लगेच कळतो.

डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) घातलं. एलएसपीसीआयमध्ये (आतली कार्डं दाखवणाऱ्या आज्ञेत) १६८सी:००२बी हा कार्डाचा ओळख क्रमांक दिसला, ड्रायव्हर आपोआप लागला. तरीही नेटवर्कची यादी रिकामी. आरएफकिलमध्ये (रेडिओ चालू की बंद ते दाखवणाऱ्या आज्ञेत) ‘हार्ड ब्लॉक्ड: होय’. डी६३० च्या डाव्या कडेला वायफायचा सरकता खटका आहे आणि तो बंद होता. सॉफ्टवेअरमधून हा अडथळा निघत नाही.

१ मार्च: दुसरा डेल, ब्रॉडकॉमचा

याच्यात १४ई४:४३१५, म्हणजे बीसीएम४३१२. लिनक्सवर चालतं, पण फर्मवेअर डेबियनला वाटता येत नाही. त्याचं इन्स्टॉलर पॅकेज ते इंटरनेटवरून उतरवून घेतं, आणि वायफायसाठीच इंटरनेट हवं अशी अडचण होते. यावर सोपी वाट: अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेथरिंग चालू करायचं. लिनक्सला फोन नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कोणत्याही जुन्या यंत्रावर काम करताना हे हाताशी असावं.

तरी हे कार्ड ठेवलं नाही. ते ८०२.११जी (वायफायचं जुनं, कमी वेगाचं मानक) पर्यंतच, आणि कर्नल बदलल्यावर त्याची पुन्हा देखभाल कोण करणार? अभ्यासिकेत रोज कुणी जाणकार बसत नाही. दुसरं एआर९२८५ यात घातलं.

इथे वेगळीच अडचण: कडेचा खटका चालू असूनही ‘हार्ड ब्लॉक्ड’. बायोसमध्ये वायरलेस चालू, खटका कशावर चालतो ती नोंदही बरोबर. खटका हलवला तरी स्थिती बदलत नाही, म्हणजे खटक्याचा संपर्कच गेला आहे. कार्डाला ‘रेडिओ बंद ठेव’ हा संकेत २० क्रमांकाच्या संपर्कावरून मिळतो. तो संपर्क झाकला की कार्ड स्वतःला मोकळं समजतं.

झाकायचा कसा: सम क्रमांकाचे संपर्क कार्डाच्या खालच्या बाजूला असतात. खाचेच्या अलीकडचा लहान भाग म्हणजे १ ते १६, दोन्ही बाजूंना आठ-आठ. खाचेनंतर खालच्या बाजूचा पहिला संपर्क १८, दुसरा २०. कॅप्टॉन टेपची संपर्काएवढी, मिलिमीटरहून अरुंद पट्टी कापून फक्त त्या एकावर लावायची आणि टोक कार्डाच्या पृष्ठभागावर चिकटवायचं, म्हणजे स्लॉटमध्ये सरकवताना ती सुरकुतत नाही. साधी सेलोटेप वापरू नये. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून स्लॉटमध्ये उतरतो. शेजारचा २२ हा रीसेटचा संपर्क आहे, तो झाकला गेला तर कार्ड अजिबात दिसत नाही.

पट्टी लावल्यावर रेडिओ चालू. खटका आता निकामी आहे, तसं यंत्राच्या पोटावर चिठ्ठी चिकटवून लिहिलं.

८ मार्च: एक्स२००

कीबोर्ड आणि पाम रेस्ट काढल्यावर स्लॉट दिसतो. आतलं जुनं कार्ड खरंच गेलेलं. नवीन लॅपटॉपमधून निघालेलं एक इंटेल ५१०० तपासणीपुरतं लावलं तर १८०२ येऊन यंत्र थांबलं. तेच ५१०० लेनोवोच्या नावाचं असतं तर चाललं असतं. बायोस फक्त चिपचा क्रमांक बघत नाही, कार्डावर नोंदलेला उपक्रमांकही बघतं, आणि तो कोणत्या कंपनीसाठी कार्ड बनलं त्यावर ठरतो. ‘अगदी तेच मॉडेल’ असूनही कार्ड का चालत नाही, याचं कारण हे.

एफआरयू क्रमांकाचं ५३०० लावलं आणि यंत्र विनातक्रार सुरू झालं. थिंकपॅडमध्ये वायरींचे रंग वेगळे: राखाडी मुख्य, काळी दुय्यम, पांढरी तिसरी. डेलच्या सवयीने पांढरी मुख्य धरली तर गफलत होते. इंटेलसाठी फर्मवेअर फाइल लागते. डेबियन १२ पासून मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

बायोस बदलून यादी काढून टाकता येते. चिपवर क्लिप लावून नवं बायोस लिहिणारे लोक आहेत आणि एक्स२०० त्यासाठी प्रसिद्धच आहे. पण सार्वजनिक वापराच्या, चालू यंत्रावर ते करू नये. चुकलं तर यंत्र मुकं होतं, आणि योग्य कार्ड त्याहून स्वस्त पडतं. कार्ड मिळालंच नसतं तर याच यंत्राच्या एक्स्प्रेसकार्ड स्लॉटमध्ये किंवा यूएसबीवर भागलं असतं. बायोसची यादी आतल्या स्लॉटपुरती असते, यूएसबीला ती लागू नाही.

१५ मार्च: एचपी, मिनी पीसीआय

कार्ड सरळ बसलं. कड्या बाजूला होतात, कार्ड दाबलं की आपोआप पकडतात. १०४ आला नाही.

ओएस निवडताना विचार करावा लागला. हे यंत्र ३२ बिटचं. डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, म्हणून १२. त्याचा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. काही पेंटियम एम प्रोसेसर पीएई (जास्त मेमरी वापरायची सोय) असल्याचं सांगत नाहीत, अशांसाठी साधं ६८६ कर्नल निवडावं. २२००बीजीचं फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमध्ये आहे आणि ते बसताना परवान्याला संमती मागतं. ती स्क्रीन टॅब दाबून पुढे नेता येते, हे माहीत नसलेले तिथेच अडकतात.

वायफाय जोडलं गेलं, पत्ता मिळाला, पण ब्राउझर प्रत्येक पानावर ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडवतो. कारण घड्याळ: यंत्रातली तारीख १ जानेवारी २००५. बायोसचा सेल संपला आहे. प्रमाणपत्रं ज्या काळात वैध, त्या काळाच्या आधीची तारीख दिसली की ब्राउझर पान उघडत नाही. सीआर२०३२ बदलला, तारीख बसवली, पानं उघडली. जुन्या यंत्रावर ‘वायफाय आहे पण नेट नाही’ अशी तक्रार आली तर कार्डाआधी घड्याळ बघावं.

२२ मार्च: ॲक्सेस पॉइंट आणि त्याच्या सेटिंग

कार्यालयातून वायर आली. ॲक्सेस पॉइंट भिंतीवर साडेसहा फुटांवर, पत्र्यापासून खाली. पत्र्याला चिकटून लावला की लहरी परतून येऊन एकमेकींना मारतात, आणि दुपारी पत्र्याखालची हवा भट्टीसारखी तापते.

२.४ गिगाहर्ट्झ: वाहिनी ६, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे १ ते १३ वाहिन्या खुल्या आहेत, पण अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच जुन्या कार्डांना १२ आणि १३ ऐकूच येत नाहीत. राउटर ‘ऑटो’वर ठेवला आणि रात्रीतून त्याने १३ निवडली, तर सकाळी निम्मे लॅपटॉप नेटवर्क दिसत नाही म्हणतात. म्हणून १, ६ किंवा ११ यांतली एक कायम करावी. कार्यालयाचा राउटर १ वर आहे, म्हणून इथे ६.

सुरक्षा: डब्ल्यूपीए२, फक्त एईएस (टीकेआयपीहून पक्की पद्धत). ‘टीकेआयपी आणि एईएस मिश्र’ ठेवलं तर एखादं जुनं यंत्र टीकेआयपी पकडतं, आणि ८०२.११एन (८०२.११जी नंतरचं मानक) चा वेग टीकेआयपीसोबत चालत नाही, जोडणी ५४ एमबीपीएसवर येते. डब्ल्यूएमएम (डेटाला प्राधान्यक्रम देणारी सेटिंग) बंद केलं तरी तसंच होतं. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलं तर २२००बीजी जोडलंच जाणार नाही. दोन्ही पट्ट्यांना नावं वेगळी दिली, कारण एकाच नावाखाली दोन्ही असले की जुनं ड्युअल बँड कार्ड इकडून तिकडे उड्या मारत राहतं. ८०२.११बी चे १ आणि २ एमबीपीएसचे दर बंद केले. त्या दराने बोलणारं एक जरी यंत्र असलं तरी ते हवेतला वेळ खाऊन टाकतं आणि बाकी सगळे ताटकळतात.

मोजमाप आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या साधनाने, खोलीच्या दूरच्या कोपऱ्यातून, वायरने जोडलेल्या यंत्राकडे. दोन्ही डेल: जोडणी ६५ ते ७२, प्रत्यक्ष ३८ ते ४३ एमबीपीएस. एचपी: जोडणी ५४, प्रत्यक्ष २० च्या आसपास, आणि ८०२.११जी कडून याहून जास्त अपेक्षा नाही. एक्स२००, ५ गिगाहर्ट्झवर: ९० च्या वर. एका वेळी पाच जणांनी फॉर्म भरले तरी यातल्या कुणाची अडचण होणार नाही. मर्यादा कार्यालयातल्या जोडणीची आहे.

२९ मार्च: टी२३

यात आतलं कार्ड घालायचं नाही, असं ठरवलं. यूएसबी १.१ म्हणजे कागदावर १२ एमबीपीएस, त्यावर आजचा डोंगल निम्म्यानेही चालत नाही. लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत घालायच्या जुन्या १६ बिट पीसी कार्डांपैकी बहुतेकांना डब्ल्यूपीए२ येत नाही. ३२ बिट कार्डबसची चांगली कार्डं मिळतात, कडेला सोनेरी ठिपक्यांची पट्टी ही त्यांची खूण, पण त्यांचा भाव या यंत्राच्या उपयोगाच्या मानाने जास्त आहे. शिवाय पेंटियम थ्रीत एसएसई२ (नंतरच्या प्रोसेसरांतला आज्ञांचा संच) नाही आणि आजचे फायरफॉक्स, क्रोम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. म्हणजे वायफाय दिलं तरी भरतीचा फॉर्म यावर भरता येणार नाही.

टायपिंगच्या सरावासाठी मात्र त्याचा कीबोर्ड उत्तम आहे. सरावाच्या फाइली दुसऱ्या यंत्रावरून आणायच्या आणि प्रिंटरला पाठवायच्या, इतपत नेटवर्क त्याला हवं. त्यासाठी छोटा राउटर क्लायंट मोडमध्ये: तो वायफाय पकडतो आणि लॅन वायरने टी२३ ला देतो. डब्ल्यूपीए२ चं काम राउटर करतो, लॅपटॉपला फक्त वायर दिसते, ड्रायव्हर काही नाही. राउटरला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून दिली नाही, वेगळा ५ व्होल्टचा ॲडॅप्टर लावला. जुन्या पोर्टवर ५०० मिलिअँपिअरची हमी कागदावरच राहते, आणि व्होल्टेज खाली गेलं की राउटर पुन्हापुन्हा सुरू होत राहतो.

वायफाय कार्ड नसलेल्या किंवा न चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला हीच युक्ती लागू पडते, मग त्यात विंडोज असो की आणखी काही.

१२ एप्रिल: उन्हाळ्यातली तपासणी

दुपारी पारा ४३ वर. एक डेल तासाभराने वायफाय सोडतो, पुन्हा जोडतो. आधी पंखा उघडला: पात्यांत आणि हीटसिंकच्या जाळीत कापसाच्या तंतूंची नमदा बसलेली. कपाशीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक यंत्रात ही सापडते, आणि ब्लोअर बाहेरून मारला तर ती आणखी आत दाबली जाते. पंखा सुटा करून चिमट्याने काढली, पेस्ट बदलली. तापमान उतरलं, पण जोडणी तुटणं कमी झालं तरी थांबलं नाही.

उरलेलं कारण वीजबचत. नेटवर्कमॅनेजरच्या (लिनक्समधल्या जोडण्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये वायफायच्या पॉवरसेव्हला २ ही किंमत दिली, म्हणजे बंद. त्यानंतर जोडणी टिकली. तीच नोंद चारही यंत्रांवर केली, टेबलावरच्या यंत्रांना बॅटरीची बचत तशीही नको आहे.

राखीव आरटी५३७० डोंगलही तपासला. थेट पोर्टमध्ये लावला की लॅपटॉपच्या मागून येणाऱ्या गरम हवेत तो बसतो. एक मीटर एक्स्टेन्शनवर स्क्रीनच्या वरच्या कडेला लावला तर गारही राहतो आणि सिग्नलही सहा-सात डीबीने सुधारतो. लांब, बारीक, स्वस्त एक्स्टेन्शनवर मात्र व्होल्टेज पडतं आणि डोंगल गायब होतो, म्हणून एक मीटरच्या पुढे जाऊ नये. काही डोंगल लावल्यावर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून ओळख देतात, आत विंडोजचा ड्रायव्हर असतो. यूएसबी यादीत ०बीडीए:१ए२बी दिसलं तर हेच समजावं. ती ‘सीडी’ इजेक्ट केली की खरं कार्ड पुढे येतं.

कूलर लॅपटॉपच्या रांगेसमोर होता, तो हलवला. ओली हवा थेट यंत्रांवर नको. त्याची मोटर सुरू होताना दिवे मंदावतात, म्हणून कूलर आणि ॲक्सेस पॉइंट एकाच बोर्डावर ठेवले नाहीत.

१९ एप्रिल: भिंतीवरचा कागद

अभ्यासिकेत प्रश्न एकच येतो: ‘नेट चालस का?’ त्याचं उत्तर वापरणाऱ्यालाच काढता यावं म्हणून एक पान लॅमिनेट करून लावलं. त्यावरचा मजकूर:

नेटवर्कचं नाव यादीत दिसत नाही: कडेचा खटका बघा (चिठ्ठी असलेला डेल सोडून). मग टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट. ‘हार्ड’ असेल तर खटका, ‘सॉफ्ट’ असेल तर अनब्लॉक.

नाव दिसतं, पण जोडलं जात नाही: पासवर्ड पुन्हा टाका. डोंगल असेल तर नेटवर्कमॅनेजरमध्ये स्कॅनच्या वेळी मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बदलण्याची सोय बंद केलेली आहे ना ते बघा. काही यूएसबी चिप त्यामुळेच जोडत नाहीत.

जोडलं आहे, पण पान उघडत नाही: आधी तारीख आणि वेळ. मग राउटरच्या पत्त्यावर पिंग (उत्तर येतं का ते बघायची आज्ञा). उत्तर आलं तर लॅपटॉप आणि वायफाय ठीक आहे, दोष पुढे आहे. बाहेरच्या अंकी पत्त्यावर पिंग येतं पण नावाने येत नाही, तर दोष डीएनएसचा (नावावरून अंकी पत्ता शोधणाऱ्या सोयीचा). राउटरचं उत्तर येतं आणि बाहेरचं काहीच येत नाही, तर ग्रामपंचायतीतल्या फायबरच्या डब्याचे दिवे बघा. लाल दिवा लागला असेल तर लॅपटॉपला हात लावू नका, कार्यालयात सांगा.

प्रत्येक यंत्राच्या पोटावर कार्डाचं मॉडेल, ते बसवल्याची तारीख आणि बायोसचा सेल बदलल्याची तारीख लिहिली आहे. एआर९२८५ ची काढलेली पिशवी, उरलेले एम२ स्क्रू, कॅप्टॉन टेप आणि राखीव डोंगल कपाटातल्या खालच्या कप्प्यात, ‘वायफाय’ लिहिलेल्या डब्यात आहेत.